मांडीच्या स्नायूची व्यायामाने होणारी इजा मोजणे : प्रकल्प नोंदी, सोलापूर, फेब्रुवारी ते एप्रिल २०२५

३ फेब्रुवारी

प्रश्न एकच आहे. सवय नसलेल्या माणसाने एकदम जड व्यायाम केला तर मांडीचा स्नायू किती दुखावला, हे आकड्यात कसे मांडायचे? पोलीस भरतीची तयारी सुरू करणारी मुले पहिल्याच आठवड्यात मांड्या धरून बसतात. कुणीतरी सीपीके तपासायला सांगते, रिपोर्टवर ठळक अक्षरांत आकडा येतो आणि घरचे घाबरतात. सीपीके म्हणजे क्रिएटिन कायनेज. हे एन्झाइम स्नायूपेशीतून गळून रक्तात आले, एवढेच तो आकडा सांगतो. स्नायूचे किती काम बंद पडले ते त्यातून कळत नाही.

म्हणून क्रम असा ठरवला: पहिले माप ताकदीचे, दुसरे दुखण्याचे, तिसरे सीपीकेचे. ताकद म्हणजे ठरलेल्या कोनात, जागचे न हलता लावलेला कमाल जोर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही उरलेली ताकदीची घट हे इजेचे सगळ्यांत भरवशाचे अप्रत्यक्ष माप आहे.

इजा करते ती स्नायू ताण घेत लांबण्याची क्रिया. जिना उतरताना किंवा उडी मारून खाली येताना मांडीचा पुढचा स्नायू आकुंचन पावायला बघतो आणि त्याच वेळी शरीराच्या वजनाने लांबवला जातो. त्यात काही सार्कोमिअर (स्नायूतंतूतली आकुंचन पावणारी सूक्ष्म एकके) प्रमाणाबाहेर ताणले जातात, त्यांच्या कडेच्या झेड-रेषा विस्कटतात, पेशीच्या आवरणाला चिरा पडतात आणि कॅल्शियम आत शिरते. लॅक्टिक ॲसिडचा या दुखण्याशी संबंध नाही. व्यायाम थांबल्यावर तासा-दीड तासात ते पूर्वपदावर येते, आणि दुखणे तर दुसऱ्या दिवशी चढते.

व्यायाम कोणता द्यायचा? उतारावर धावणे ही रुळलेली पद्धत आहे, पण सोलापूर पडले पठारावर. अर्धा तास सलग उतरता येईल असा उतार शहरात नाही, आणि हाताशी असलेल्या ट्रेडमिलला उलटा उतार देता येत नाही. बैठका सोप्या, पण प्रत्येकाची खोली आणि वेग वेगळा. शेवटी ६० सेंमी उंच खोक्यावरून खाली उडी हेच निवडले: २० उड्यांच्या ५ फेऱ्या, दोन उड्यांत १० सेकंद, दोन फेऱ्यांत २ मिनिटे.

तालमीतली मुले घ्यायची नाहीत. रोज बैठका मारणाऱ्याची मांडी आधीच संरक्षित असते, तिथे मोजायला काही उरत नाही. गेल्या सहा महिन्यांत पायांचा व्यायाम न केलेले १८ ते २५ वयाचे सहा जण हवेत. नीतिमत्ता समितीची मंजुरी आली आहे, संमतिपत्र मराठीत आहे.

६ फेब्रुवारी

खुर्ची आली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडून ४० × ४० × ५ मिमी अँगलमध्ये करून घेतली, पाठ सरळ, बैठक ४५ सेंमी खोल. चारही पाय १० मिमीच्या अँकर बोल्टने फरशीत पक्के केले. नुसती ठेवलेली खुर्ची जोर लावताना मागे सरकते आणि तेवढा जोर मापातून निसटतो.

लोडसेल (ओढीचा जोर मोजणारा सेन्सर) एस-आकाराचा, २०० किलोचा, खुर्चीच्या मागच्या आडव्या पट्टीला जोडलेला. घोट्यापासून लोडसेलपर्यंत सुरुवातीला मालट्रकला वापरतात तो नायलॉनचा रॅचेट पट्टा लावला होता. तो चुकीचा ठरला. पूर्ण जोराला पट्टा साधारण साडेतीन सेंमी ताणतो, आणि ३६ सेंमीच्या भुजेवर (गुडघ्यापासून घोट्याच्या पट्टीपर्यंतचे अंतर) त्याचा अर्थ गुडघा पाच-सहा अंश उघडतो. हे किरकोळ नाही. इजा झालेल्या स्नायूचा सर्वाधिक ताकदीचा बिंदू जास्त लांबीकडे सरकतो. त्यामुळे गुडघा जितका सरळ, म्हणजे स्नायू जितका आखूड, तितकी घट मोठी दिसते. कोन हलला तर मोजतोय इजा की पट्टा, हेच कळणार नाही. पट्टा काढून ६ मिमीची साखळी आणि टर्नबकल (साखळी ताणायचा स्क्रू) लावले. आता कोन ९० अंशांवर बसतो, जोर लावताना एक अंशाच्या आसपास हलतो.

११ फेब्रुवारी

लोडसेलचा सिग्नल एचएक्स७११ या सिग्नल आकड्यात बदलणाऱ्या बोर्डातून आर्डुइनोला, म्हणजे नोंद घेणाऱ्या छोट्या संगणक-बोर्डाला, जातो. हा बोर्ड जसाच्या तसा सेकंदाला १० वाचने देतो. चिपची १५ क्रमांकाची पिन जमिनीला जोडलेली असते. ती बारीक टोकाच्या सोल्डरने उचलून पुरवठ्याला जोडली की ८० वाचने मिळतात. पाच सेकंदांच्या जोरातला स्थिर भाग नीट वेगळा काढायचा तर ८० हवीत.

कॅलिब्रेशनसाठी जिममधल्या तबकड्यांवर विसंबू नये. '२०' असे ओतलेली एक तबकडी मार्केट यार्डातल्या मुद्रांकित काट्यावर १९.४ किलो भरली. सगळ्या तबकड्या तिथेच तोलून घेतल्या, खऱ्या वजनाचा आकडा प्रत्येकीवर रंगाने लिहिला, मग लोडसेलला टांगून ० ते ८० किलोपर्यंत पाच पायऱ्यांत चढते आणि उतरते वाचन घेतले. किलोचे न्यूटन करताना सोलापुरात गुणक सुमारे ९.७८ येतो. सवयीने ९.८१ धरले तर ०.३ टक्के फरक पडतो. तो दुर्लक्ष करण्याइतका आहे, पण एकदा ठरवले की शेवटपर्यंत तोच गुणक.

पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोनला शून्य सरकते. सकाळी आठला शून्य केलेला सेल दुपारी काही न लटकवता ६ न्यूटन दाखवत होता. दोन नियम केले: सगळी मापे सकाळी ७ ते ९ मध्येच, आणि प्रत्येक प्रयत्नाआधी साखळी सैल सोडून शून्य. वेळ पाळण्याचे आणखी एक कारण आहे: माणसाची ताकदही सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असते.

१४ फेब्रुवारी

दुखण्याचे माप. १०० मिमीची आडवी रेघ, डाव्या टोकाला 'अजिबात दुखत नाही', उजव्या टोकाला 'याहून जास्त दुखणे शक्य नाही'. माणूस रेघेवर उभी खूण करतो, आपण पट्टीने मिमी मोजतो. झेरॉक्सवरून आलेल्या गठ्ठ्यात रेघ ९७ मिमी निघाली, कारण प्रिंट करताना कागदाच्या मापात बसवण्याचा पर्याय चालू राहिला होता. पन्नास पाने रद्दीत गेली. नवीन गठ्ठ्यातले प्रत्येक दहावे पान पट्टीने तपासले.

खरी अडचण शब्दांची आहे. 'दुखतंय का?' असे विचारले तर उत्तर येते, 'दुखत नाही, मांड्या भरून आल्यात.' कुणी म्हणते अंग आंबलंय, कुणी म्हणते पाय आखडलेत, कुणी गोळा आला म्हणते. भरून येणे आणि आखडणे हेच आपल्याला मोजायचे आहे. गोळा म्हणजे पेटका, तो वेगळा. म्हणून बसल्याजागी विचारायचेच नाही. स्टुलावर सावकाश तीन मोजत बसायचे, तीन मोजत उठायचे, आणि त्या हालचालीत जे जाणवले त्याची खूण करायची. तेच स्टूल, तीच चाल, रोज.

थिओडोर हफ यांनी १९०२ मध्ये उशिरा चढणाऱ्या या दुखण्याचा अभ्यास बोटाने वजन ओढायच्या यंत्रावर केला, तेव्हा सीपीकेची चाचणी अस्तित्वातही नव्हती. ताकद आणि दुखणे एवढ्यावरच त्यांनी ओळखले की हे थकव्याहून वेगळे आहे आणि स्नायूच्या आतच काहीतरी फाटले आहे. साध्या मापांना कमी लेखू नये.

मांडीचा घेर टेपने घेऊन पाहिला. सूज एखाद्या सेंमीची आणि दोघांनी घेतलेल्या मापांतला फरक अर्धा सेंमी. हे माप सोडले.

१८ फेब्रुवारी

सहाही जणांचा (नोंदीत क-१ ते क-६) सराव तीन दिवस घेतला. पहिल्या दिवशीचे आकडे टाकून द्यायचे, कारण माणूस जोर लावायला शिकतच असतो. कंबर आणि छातीला पट्टे, हात छातीवर आडवे. बैठक धरू दिली तर खांद्यांचा जोर मिसळतो. तीन प्रयत्न, प्रत्येकी पाच सेकंद, मध्ये दोन मिनिटे. आकडा घ्यायचा तो एका क्षणाच्या टोकाचा नाही, सलग एक सेकंदाच्या सर्वांत वरच्या सरासरीचा. ओरडून उत्तेजन द्यायचे तर एकाच माणसाने, त्याच शब्दांत. आम्ही 'लाव, लाव, लाव, सोड' एवढेच ठेवले.

दोन वेगवेगळ्या दिवसांचे आकडे, न्यूटनमध्ये:
क-१: ५४८, ५७१
क-२: ६१२, ६०४
क-३: ४९७, ५०९
क-४: ६५५, ६४०
क-५: ५८०, ६०२
क-६: ५३३, ५२१

फरकांचे प्रमाण विचलन १७.४, त्याला २ च्या वर्गमुळाने भागले की मोजमापाची चूक १२.३ न्यूटन, म्हणजे सरासरीच्या २.१ टक्के. एका माणसात खरा बदल झाला असे ९५ टक्के खात्रीने म्हणायचे तर १.९६ × १.४१४ × १२.३ = ३४ न्यूटन, सुमारे ६ टक्के. ही ओळ भिंतीवर लावली आहे. सहा टक्क्यांच्या आतल्या घटीला आपण घट म्हणणार नाही.

२० फेब्रुवारी

सीपीकेचे किट आणि फोटोमीटर. प्रक्रिया अशी: सीरममधले (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातले) एन्झाइम क्रिएटिन फॉस्फेटवरून फॉस्फेट काढून एडीपीला देते, त्यातून एटीपी हा ऊर्जा वाहणारा रेणू बनतो, हेक्झोकायनेज हे दुसरे एन्झाइम तो वापरून ग्लुकोजला फॉस्फेट जोडते, तिसरे एन्झाइम त्यावरून एनएडीपीएच बनवते. ते ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषते, आणि दर मिनिटाला शोषण किती वाढले ते आपण वाचतो.

१००० मायक्रोलिटर रिएजंट ३७ अंशांवर गरम करून त्यात २० मायक्रोलिटर सीरम. दोन मिनिटे थांबायचे, मग दर मिनिटाला एक अशी चार वाचने, म्हणजे तीन फरक. गुणक: ५१ (एकूण १०२० ÷ सीरम २०) × १०,००,००० ÷ ६२२० (एनएडीपीएचचा शोषण-गुणांक) = ८१९९. मिनिटाला ०.०१८ वाढ म्हणजे १४८ युनिट प्रति लिटर. किटच्या कागदावरचा गुणक दुसऱ्या प्रमाणासाठी छापलेला असू शकतो. उदाहरणार्थ, ५० मायक्रोलिटर सीरम घेतले तर तोच गुणक ३३७६ होतो. दुसऱ्याचा गुणक उचलला की सगळा तक्ता अडीच पट चुकतो.

तापमान एका अंशाने घसरले की आकडा सुमारे ६ टक्क्यांनी उतरतो. वीज जाऊन आली तर फोटोमीटरला पुन्हा ३७ वर स्थिरावायला वेळ द्यायचा, लगेच नमुना लावायचा नाही.

नमुन्याबद्दल:

जांभळ्या टोपीची नळी सीपीकेला चालत नाही. तिच्यातले ईडीटीए मॅग्नेशियम बांधून टाकते आणि एन्झाइम मंदावते. पिवळ्या किंवा लाल टोपीची घ्यायची, अर्धा तास उभी ठेवून गोठू द्यायची, मग सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ३००० फेऱ्यांवर १० मिनिटे. रोटरची त्रिज्या १० सेंमी असेल तर ही सुमारे १००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या हजार पट ओढ) होते. त्रिज्या वेगळी असेल तर फेऱ्या बदलायच्या.

सीरम लालसर दिसले तर नमुना बाद. तांबड्या पेशींत सीपीके नसते, पण ॲडेनिलेट कायनेज असते आणि ते एटीपी बनवून आकडा फुगवते. बारीक सुई आणि घाईने मागे ओढलेला दट्ट्या ही नेहमीची कारणे. तिसरे कारण इथे सापडले: थर्मोकोलच्या डब्यात नळी थेट बर्फाच्या पॅकला टेकली होती. मध्ये टॉवेलची घडी ठेवली, प्रश्न मिटला. सीरम वेगळे केल्यावर अंधारात ४ अंशांवर आठवडाभर, उणे २० वर चार आठवडे टिकते.

वेळापत्रक बसवताना कॅलेंडर आडवे आले. सोमवारी व्यायाम दिला तर २४, ४८, ७२, ९६ तास आणि आठवडा, सगळे कामाच्या दिवशी पडतात. पण १७ फेब्रुवारीचे ४८ तास शिवजयंतीला, २४ चे महाशिवरात्रीला. म्हणून सुरुवात ३ मार्चला. रोजे २ मार्चपासून आहेत. दिवसभर पाणी नाही आणि वर उड्या, हे सुरक्षित नाही. क-५ आणि क-६ रोजे धरणार आहेत, त्यांची फेरी ईदनंतर.

३ मार्च

क-१ ते क-४. आधी लघवीचा रंग, मग रक्त, मग दुखणे, मग ताकद, शेवटी उड्या. क्रम उलटा केला तर कमाल जोराचा परिणाम रक्तावर येतो.

आजच्या प्रश्नावलीतले शेवटचे प्रश्न: दोन आठवड्यांत ताप, आठवड्यात दंडात किंवा कमरेत इंजेक्शन, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या. यांतले काहीही असेल तर तो माणूस आज नाही. नुसत्या स्नायूतल्या इंजेक्शननेही सीपीके वाढते. आठवडाभर दुखण्यावरची गोळी नाही, तेल-मालीश नाही, दुसरा व्यायाम नाही.

उड्यांत दोन गोष्टी बिघडतात. उभा पाय आधीच वाकवून माणूस खोक्यावरून 'उतरतो', पडत नाही. मग ६० सेंमीचे ४५ होतात. पाऊल पुढे टाकून सरळ खाली यायचे. दुसरे, तिसऱ्या फेरीपासून खोली कमी होते. बाजूने मोबाइल लावून गुडघा ९० अंशांपर्यंत वाकतो का ते पाहिले, कमी पडली ती उडी धरली नाही. खोक्याखाली रबराची चटई हवीच, नाहीतर विसाव्या उडीपर्यंत खोके वीतभर मागे गेलेले असते.

लगेच घेतलेली ताकद नोंदवली, पण तिच्यात थकवा मिसळलेला आहे. इजा पाहायची ती उद्या.

४ मार्च (२४ तास)

ताकद:
क-१: ५६० वरून ४२५ (२४ टक्के घट)
क-२: ६०८ वरून ५०२ (१७)
क-३: ५०३ वरून ३९२ (२२)
क-४: ६४८ वरून ५११ (२१)

सीपीके: क-१ चे १४८ वरून ६१०. क-४ चा नमुना लावला तेव्हा मिनिटागणिक वाढ ०.२७, ०.२१, ०.१४ अशी उतरत गेली. सरळ सरासरी काढली तर १७०० च्या आसपास आकडा येतो, आणि तो खोटा आहे. एन्झाइम इतके की रिएजंट मध्येच संपत चालला. १०० मायक्रोलिटर सीरम, ९०० सलाइन, पुन्हा लावले: मिनिटाला ०.०३५, तीनही वेळा सारखी. ०.०३५ × ८१९९ × १० = २८७०. तीन फरकांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत दिसली की पातळ करणे सक्तीचे, हा नियम आजपासून.

क-१ आणि क-४ शेजारी ठेवून पाहावेत. ताकदीची घट जवळजवळ सारखी, उलट क-१ ची थोडी जास्त. सीपीके मात्र पावणेपाच पट वेगळे. एन्झाइम पेशीतून सुटल्यावर सरळ रक्तात येत नाही. रेणू मोठा, तो लसिकावाहिन्यांच्या वाटेने येतो. किती गळते, किती वेगाने येते आणि किती वेगाने रक्तातून नाहीसे होते, या तिन्ही गोष्टी माणसागणिक वेगळ्या. सीपीकेवरून दोन माणसांची तुलना करू नये, हे इतक्या ठसठशीतपणे समोर येईल असे वाटले नव्हते.

५ मार्च (४८ तास)

क-२ ची ताकद ४५५. कालच्या ५०२ पेक्षा अचानक खाली. नोंदवण्याआधी खुर्ची तपासली. घोट्याची पट्टी ४ सेंमी खाली बांधली गेली होती. त्वचेवरची खूण अंघोळीत पुसली होती. भुजा ३६ ची ४० झाली. ४५५ × ०.४० = १८२ न्यूटन-मीटर, काल ५०२ × ०.३६ = १८१. काहीच बदललेले नाही. यापुढे जोर न्यूटनमध्ये नाही, न्यूटन-मीटरमध्ये, आणि पट्टी बांधल्यावर भुजा टेपने मोजूनच. खूण रोज सकाळी नवी.

क-१ चे दुखणे काल ३८ मिमी होते, आज ५७. ताकद मात्र कालच्याइतकीच, ४३१. दुखण्याच्या भीतीने माणूस जोर लावत नाही, ही शंका रास्त आहे, आणि विजेचा झटका देऊन ती पडताळायचे यंत्र इथे नाही. पण नुसती भीती असती तर दुखणे वाढल्यावर ताकद आणखी पडायला हवी होती. तशी ती पडली नाही.

चौघांचीही लघवी स्वच्छ. ती कोऱ्या चहासारखी झाली तर प्रयोग तिथेच थांबवून त्याच तासाला सिव्हिलमध्ये न्यायचे, हे प्रत्येकाच्या घरी आधीच सांगून ठेवले आहे. तपासपट्टीवर रक्त दिसते आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसत नाहीत, तेव्हा ते मायोग्लोबिन (स्नायूतून गळणारे प्रथिन) असण्याची शक्यता मोठी, आणि त्याचा धोका मूत्रपिंडाला.

१० मार्च

सातव्या दिवशी चौघेही मूळ ताकदीच्या सहा टक्क्यांच्या आत.

२८ मार्च

२४ तारखेला त्याच चौघांना त्याच शंभर उड्या. दुसऱ्या दिवशी क-१ ५६६ वरून ५१७ (९ टक्के), क-४ ६५१ वरून ६०४ (७ टक्के). आकडे जुन्या ३६ सेंमी भुजेवरचे, तुलनेसाठी न्यूटनमध्ये. क-४ चे सीपीके १२७ वरून फक्त २४०. एकाच फेरीने स्नायू इतका सावरतो, आणि हे संरक्षण कित्येक आठवडे टिकते. कुठल्याही औषधाचा किंवा मालिशीचा गुण पाहायचा असेल तर 'आधी औषधाशिवाय, मग औषधासह' अशी मांडणी त्याच पायावर करून चालणार नाही. दुसरी फेरी काहीही न देता बरी दिसणारच. दुसरा पाय वापरला तरी पूर्ण सुटका नाही, थोडे संरक्षण तिकडेही जाते. वेगळा गट हाच उपाय.

३१ तारखेचा आठवड्याचा नमुना ईदमुळे सोडला.

२८ एप्रिल

क-५, क-६. ७ एप्रिलचा आठवडा महावीर जयंती आणि आंबेडकर जयंतीने अडला, म्हणून २१ पासून. उन्हाळा कडक, उड्या सकाळी साडेसहाला, आधी अर्धा लिटर पाणी.

घामाने रक्त दाटते. क-६ चे हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) उड्यांआधी ४५, नंतर ४७. यावरून प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा द्रव भाग, ७.७ टक्क्यांनी घटला असे निघते, म्हणजे एकही पेशी न फाटता सीपीके ८ टक्के वाढलेले दिसेल. हिमॅटोक्रिटसाठी जांभळ्या टोपीची एक छोटी नळी प्रत्येक वेळी जास्तीची घेतली आणि तक्त्यात दुरुस्त आकड्याचा वेगळा रकाना केला. फेब्रुवारी-मार्चच्या नोंदींत हा रकाना रिकामा आहे. तो तसाच ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही.

एलडीएच (स्नायूतून गळणारे आणखी एक एन्झाइम) मोजायचा विचार होता, म्हणून २१ आणि २२ चे सीरम राखून ठेवले होते. पण ते सवयीने फ्रिजमध्ये गेले. एलडीएचचा स्नायूतून येणारा प्रकार थंडीत टिकत नाही, त्याचे सीरम खोलीच्या तापमानाला ठेवून लवकर लावावे लागते. आणि या दिवसांत इथली खोली म्हणजे ३५ अंशांच्या वर. त्या नळ्यांवर 'एलडीएचसाठी नको' अशी चिठ्ठी लावून त्या सीपीकेच्या फेरतपासणीला दिल्या.